बाबांनी लावलेली टिकली

"जाई, डोळा मिट त्याचा," कृष्णात सर तिच्या खुर्चीमागून म्हणाले.

टॅबवर चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांवर, म्हणजे लेअरवर काढतात आणि प्रत्येक लेअरच्या नावाशेजारी एक बारीकसा डोळा असतो. त्यावर बोट टेकवलं की त्या लेअरवरचं सगळं दिसेनासं होतं. जाईने 'दागिने' लेअरचा डोळा मिटला. चित्रातल्या आईचं मंगळसूत्र गेलं, हिरव्या बांगड्या गेल्या, कानातल्या कुड्या गेल्या. जाई पडद्याकडे बघतच राहिली. हे इतक्या पटकन जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

"बाकीच्या चित्राला धक्का लागला का? न्हाई. म्हणून सांगत असतोय, ज्याला त्याला आपापला लेअर द्यायचा," सर म्हणाले. नेरूळच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवूनही सरांचं कोल्हापूर काही सुटलेलं नव्हतं. पोरगी महिन्याने वर्गात आलीय, तिला बोलतं ठेवायचं, एवढं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

महिन्यापूर्वी जाईचे बाबा रबाळ्याच्या कंपनीत, कँटीनच्या रांगेत उभे असताना मटकन खाली बसले ते उठलेच नाहीत. भाजी पसंत पडली नाही म्हणून सकाळी डबा ओट्यावर ठेवून गेलेला धडधाकट माणूस. जाईला ते अजून खरं वाटत नव्हतं. संध्याकाळी बेल वाजली की तिचे पाय आपोआप दाराकडे वळत आणि दारात इस्त्रीवाला असे.

शनिवारी वर्गाचं प्रदर्शन होतं आणि आई यायला तयार झाली होती. बाबा गेल्यापासून ती सोसायटीच्या गेटबाहेर पडली नव्हती. बाबांची मोठी बहीण, सुनीती आत्या, महिनाभर त्यांच्याकडेच सीवूड्सला राहिली होती. आज सकाळी जाई कॉलेजला निघताना ती दारापर्यंत आली.

"ते चित्र तसंच लावणार तू? टिकली-मंगळसूत्रासकट? चार लोकांत तिला कसं होईल, जरा विचार कर ना. काढून टाक बाई."

आत्या वाईट नव्हती. दहाव्याला आईच्या कपाळावरची टिकली तिनेच काढली, आणि मग बाथरूमचं दार लावून नळ सोडून रडत बसली. जाई तेव्हा पाहुण्यांना चहा देत होती. ट्रे घेऊन ती आत आली तर आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी एक फिकट गोल डाग. इतक्या वर्षांत तेवढ्या जागेला ऊन लागलंच नव्हतं.

आत्याचं तिला पटलं होतं. पण 'दागिने' मिटूनही चित्रातली टिकली जागची हलली नव्हती. जाईने 'केस' मिटून पाहिला, 'साडी' मिटून पाहिली. शेवटी 'चेहरा' मिटला तेव्हा टिकली गेली, पण आईचा चेहराही गेला.

"चुकीच्या लेअरवर काढलीस व्हय?" सर म्हणाले. "मग खोडून टाक सरळ."

जाईने खोडायला घेतलं. टिकली पुसली गेली आणि आईच्या कपाळाला आरपार भोक पडलं. त्यातून मागची स्वयंपाकघराची निळी टाइल दिसायला लागली. जाईने घाईघाईने शेवटची कृती मागे घेतली आणि टिकली परत आली.

मग तिला आठवलं, ती टिकली तिने काढलीच नव्हती. बाबा जायच्या आधीच्या रविवारी दुपारी ती घरी चित्र करत होती आणि बाबांनी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं होतं. "तुझ्या आईला टिकली मी लावणार."

"काय हे, पोरीसमोर," आई ओट्यापाशी लाजून म्हणाली होती.

बाबांना लेअर कुठला कळायला? जो उघडा होता त्यावर त्यांनी ती टेकवली, तीही जरा डावीकडेच.

"बाबा, चेहऱ्यावरच लावलीत तुम्ही. आता ती वेगळी काढता येणार नाही," जाई चिडली होती.

"मग काढायचीय कोणाला?" बाबा म्हणाले होते.

"टिकली खोडून भोक बुजवून देऊ का?" सर विचारत होते. "कपाळाचा रंग भरला की झालं. कळायचं पन न्हाई कुनाला."

"नको सर," जाई म्हणाली. "राहू दे."

शनिवारी आई आली. पदर कपाळावर ओढून, नजर खाली घालून ती चित्रापाशी पोचली. तिच्यामागे आत्या होती. भिंतीवरचा चेहरा पाहून आत्याने जाईचा दंड घट्ट धरला. आपण भलतंच काहीतरी करून बसलो, आई आता इथेच कोसळणार, असं जाईला वाटलं.

आईने चित्रातल्या टिकलीजवळ बोट नेलं.

"डावीकडे गेलीय," ती म्हणाली.

"बाबांनी लावलेली ना. पुसायला गेले तर कपाळपण जात होतं, आई."

आत्याच्या हाताची पकड सुटली. आईने मान हलवली. मग तिने पदर मागे सारला, चित्राशेजारी जाऊन सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "एक फोटो काढ माझा."

जाईने मोबाइल वर धरला. पडद्यावर आई दोनदा दिसत होती, आणि तिच्या उघड्या कपाळावरचा फिकट डागही जरा डावीकडेच होता.