खळ्यापाशी वळलेली रेघ

माझ्या पाठीला रबर बांधले आहे म्हणून हसू नका, मित्रांनो. झाकण पडले, रबर आले. वय झाले की असे व्हायचेच. मी एक जुना जीपीएस आहे, पिवळा, मुठीत मावणारा. आकाशातल्या उपग्रहांचे इशारे ऐकायचे आणि आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत ते सांगायचे, हे माझे काम. लोक म्हणत, "हा कधी चुकत नाही." मलाही ते ऐकायची चटक लागली होती. त्या फुशारकीपायी एका घराच्या तोंडचा घास जायची वेळ आली, ती गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म कुठल्या तरी परदेशी कारखान्यात झाला, पण तो काही मला आठवत नाही. मला आठवते ते शहादा. तिथल्या एका संस्थेने मला आणले आणि मिथुन नावाच्या तरुणाच्या हाती दिले. तेव्हा साऱ्या जगाच्या जमिनीचा एक नकाशा तयार होत होता. फोटो काढणारे उपग्रह वरून डोंगर, शेते, जंगले टिपत. पण इतक्या उंचावरून हिरवे ते सगळे हिरवेच. तो ऊस आहे, केळी आहे की नुसते गवत, हे सांगायला कुणीतरी तिथे जाऊन उभे राहावे लागते. कितीतरी देशांत माझे भाऊबंद माणसांच्या हातात बसून हेच करत होते. मिथुन मला पुरुषोत्तमनगरच्या उसात नेई, सारंगखेड्याच्या केळीत नेई. मी जागा सांगायची, त्याने पीक लिहायचे, आणि दूर कुठेतरी नकाशातला एक ठिपका पक्का व्हायचा. काय रुबाब होता तेव्हा माझा!

ते काम संपले आणि संस्थेने मला नवापूरकडच्या डोंगरातल्या एका गावाला देऊन टाकले. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत होती, पण नावावर काही नव्हते. आता हक्काचे कागद मिळणार होते. त्यासाठी प्रत्येकाच्या शेताच्या कडेने मला घेऊन चालायचे, माझी रेघ उपग्रहाच्या फोटोवर ठेवायची, दोन्ही जुळले की दावा पुढे जाणार. मापणी शिकवायला मिथुन स्वतः आला होता.

होळ्या आणि मार्था या नवराबायकोचे शेत मापले ते भात कापणीच्या दिवसांत. होळ्या म्हणजे फार भिडस्त माणूस. त्यांचे शेत दोन तुकड्यांत आहे. वर नागलीचा, म्हणजे नाचणीचा उतार, खाली ओहोळाकाठी भाताचा तुकडा. वर्षाचा सगळा तांदूळ त्या खालच्या तुकड्यातून येतो. दोन्हींच्या मधोमध खळे आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला घळ, त्यामुळे खाली जायची वाट खळ्यावरूनच. त्या दिवशी खळे नुकतेच सारवलेले होते आणि भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. खळ्यावर पायताण घालून कुणी पाऊल टाकत नाही. धान्याची जागा ती.

आणि मिथुनच्या पायात होते घोट्यापर्यंतचे बूट, नाड्या करकचून आवळलेले.

होळ्या थबकला. पाहुण्याला बूट काढा म्हणायला त्याची जीभ रेटेना. "इकडून या साहेब," म्हणत त्याने मिथुनला कातळावरून वळवले. खाली हात करून एवढेच म्हणाला, "ते खालचं पण आपलंच." मिथुनने मान डोलावली. होळ्याला वाटले, वर उपग्रह आहे, त्याला दिसतेच आहे की. मिथुनला वाटले, यंत्र चालू आहे, ते चुकायचे नाही. मला हाताने दाखवलेले कळत नाही, मित्रांनो. मला फक्त पावले कळतात. पावले वळली, माझी रेघ वळली, आणि भाताचा अख्खा तुकडा बाहेर राहिला.

कुणाच्याच ध्यानात आले नाही. मला एका पत्र्याच्या पेटीत, भजनाच्या पुस्तकांखाली ठेवून दिले. आतले सेल काढायची कुणाला आठवण झाली नाही. ते वर्षभर पाझरले आणि माझ्या पोटात हिरवा गंज चढला. जगाचा नकाशा करणारा मी, पण कुणी ढुंकून पाहीना. मला राग येई, रडूही येई.

पुढच्या कापणीनंतर एका गुरुवारी मार्था खालच्या तुकड्यात गेली, तर धसकटांमधून ओळीने चुन्याच्या खुणा. झाडे लावायला वनखाते तिथे खड्डे खणणार होते. तिची मुलगी ग्रेसी गावच्या वनहक्क समितीची सचिव. ती तालुक्याला जाऊन विचारून आली. कागदावर तो तुकडा त्यांचा नव्हताच. फोटोत शेत दिसत होते, पण ते कुणाचे, ते फोटो सांगत नाही. आक्षेप घ्यायचा तर नव्या रेघेसकट, समितीच्याच यंत्रावर मापून, शुक्रवारी पाचच्या आत.

शुक्रवारी सकाळी पेटी उघडली. मला पाहून ग्रेसीच्या तोंडचे पाणी पळाले. घरात ते आपल्या बोलीत बोलतात, मी तुम्हाला तुमच्या मराठीत सांगतो.

"हा मेलेला आहे, आई."

"मेला असेल तर उठव त्याला," मार्था म्हणाली.

ग्रेसीने सुरीच्या टोकाने गंज खरवडला. मला दोन सेल लागतात. एक घरच्या घड्याळातला काढला, दुसरा शेजारच्या कालीबाईच्या. तुटलेल्या झाकणावर रबर चढवले. मी उजळलो, पण सेलच्या खुणेत एकच काडी! तोवर ग्रेसीच्या फोनवरून मिथुन शहाद्याहून मोटारसायकल हाणत येऊन पोचला होता. "मन्ही चूक शे," चूक माझी आहे, एवढेच तो आपल्या अहिराणीत बोलला.

मला जागा सांगायला निदान चार उपग्रह लागतात. सागाच्या झाडांखाली तीनच मिळत होते. चौथा मिळाला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मार्थाने मला दोन्ही हातांत धरून डोक्यावर उचलले आणि आम्ही निघालो. उतार झाला, बांध झाला, खळे आले. यंदाही ते सारवलेले होते. होळ्याची पावले सवयीने कातळाकडे वळली.

"कुठे चाललास?" मार्था कडाडली. "पुन्हा तेच करतोस?"

होळ्या थांबला. त्याने मिथुनच्या पायांकडे पाहिले. माझी काडी लुकलुकत होती आणि हा माणूस शब्द शोधत होता! शेवटी बोलला, "साहेब, बूट काढा. खळं आहे."

मिथुन खालीच बसला, नाड्या सोडू लागला. "काका, तवय का बरं नही सांगं?"

"तुम्ही पाहुणे. कसं सांगायचं?"

अनवाणी पायांनी सगळे खळे ओलांडून खाली उतरले. ओहोळाच्या घळीत चौथा उपग्रह पुन्हा गेला. रेघ अर्ध्यावर थबकली. सुरुवातीच्या दगडापर्यंत पोचून तिचे टोक टोकाला जुळले नाही तर सारे फुकट. मधेच सेल संपले तर केलेलेही पुसले जाणार.

"पळ," होळ्या म्हणाला. "संपेल तो."

"पळाले तर चुकेल तो," मार्था म्हणाली. ती ओहोळाच्या गार पाण्यात मधोमध, जिथे आभाळ जरा मोकळे होते तिथे जाऊन उभी राहिली. हात वर. मी जन्मात कधी इतके कान देऊन ऐकले नसेल. चौथ्याचा इशारा आला! एकेक पाऊल टाकत ती निघाली. खळ्यावरून परत वर, उताराच्या उरलेल्या कडेने, दगडापर्यंत. ग्रेसीने बटण दाबले, नोंद झाली, आणि तिने झटकन सेल काढून कमरेला खोचले.

तालुक्याला पोचायला एसटीने साडेचार केले. कार्यालयात रांग. आमचा नंबर लागला तेव्हा पाचला दहा मिनिटे होती. ग्रेसीने सेल घातले. मी उजळलो नाही. पुन्हा घातले. नाहीच. शिपाई खिडक्या लावू लागला. मार्थाने सेल हिसकावून घेतले, तळव्यांत धरून चोळ चोळ चोळले आणि ऊन ऊन परत दिले. मी उजळलो. वायर जोडली. संगणकावर उपग्रहाचा फोटो होता, त्यावर माझी रेघ उतरली आणि बांधावर बांध बसत ओहोळाला जाऊन टेकली.

अधिकारी बाईंनी जुनी रेघ पडद्यावर आणून तिच्यावर बोट ठेवले. "मागच्या वेळी इथून का वळलात?"

इतक्या दिवसांत हे पहिल्यांदाच कुणी विचारले. होळ्याने सांगितले. चाचरत, पण सगळे सांगितले, बुटांसकट. बाईंनी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः आल्या, खळ्याशी चपला काढल्या, चालत खाली गेल्या आणि चुन्याच्या खुणा पुसायला लावल्या. कागदावर तो तुकडा दोघांच्या नावे चढला.

मी मात्र त्या दिवसानंतर पुन्हा उजळलो नाही. मार्थाने मला फडताळात ठेवले आहे, सेल काढून. मित्रांनो, तुमच्या हाती माझ्याहून हुशार यंत्रे येतील. वापरून झाली की त्यांचे सेल काढून ठेवत जा, एवढी माया करा. आणि त्यांनी काढलेली रेघ कुठे वळलेली दिसली, तर यंत्रावर विसंबू नका. त्या शेतात जा, पायातले काढून ठेवा आणि तिथल्या माणसाला विचारा, "काका, इथून का वळलात?"