पंख्याचा मान

“पोट आत घे गं! नाचणारी पोर सजवतेय मी, भाताचं पोतं नाही बांधत,” म्हणत इनाक सेरियानं साहनिमचा कमरपट्टा आवळला.

“पापुक, कुणी उठलंच नाही तर?” साहनिमनं आजीला विचारलं.

“उठतील. आजवर उठत आलेत ना?”

म्हातारी बोलली खरी, पण खात्री तिलाही नव्हती. गंद्रुंगच्या नाचात नाचणारीच्या हातातला पंखा ज्याला लागेल त्यानं उठून तिच्यासोबत नाचायचं. तो बसून राहिला तर तिचा पाणउतारा. गावात आता तिच्याकडे नाच शिकणारी ही एकच पोर उरली होती. आज हिची शोभा झाली, तर उद्या कोण आपली लेक धाडणार?

कापणी उरकलेल्या शेतात ढोल घुमू लागला, तालावर घंटेचे टोले पडू लागले. साहनिम सुरेख नाचली. मग पंखा उगारून तिनं तरण्या मास्तरावर नेम धरला. मास्तर लाजून खाली वाकला आणि पंखा त्याच्यामागे बसलेल्या अमाक सेरियाच्या, इनाकच्या नवऱ्याच्या खांद्यावर टेकला.

ढोल थांबला. म्हाताऱ्याची उजवी बाजू गेल्या वर्षीच लुळी पडली होती.

“आता गं बाई!” इनाक पुटपुटली. ऐन तारुण्यात तिनंही याच खांद्यावर पंखा टेकवला होता. तेव्हा तो असा काही नाचला की हसून हसून लोकांची पोटं दुखली. पुढे दोघांचं लग्न झालं, रीतीप्रमाणे तिचा नाच सुटला. “नाचू नको म्हणतात, शिकवू नको कोण म्हणतंय?” म्हणत यानंच अंगण झाडून दिलं, शिकायला येणाऱ्या पोरींसाठी पातेल्याचं झाकण वाजवलं. तेही बेताल. असा माणूस दिला म्हणून तिनं अल्लाचे आभार रोज मानले होते. त्याला मात्र कधी बोलून दाखवलं नव्हतं.

“बघत काय बसलास?” अमाक ढोलवाल्यावर खेकसला. “मला पंखा लागलाय. वाजव!”

बसल्या जागी त्यानं डावा हात उचलला, मनगट वळवलं, मान डोलावली. साहनिम गुडघ्यांत वाकून त्याच्यासमोर नाचू लागली. ढोलवाल्यानं लय संथ केली. तरीही घंटेचा टोला पडला तेव्हा म्हाताऱ्याचा हात भलतीकडेच होता.

“अहो, अजूनही चुकताय!” इनाक भरल्या डोळ्यांनी ओरडली.

“मग ये की, शिकव!”

लोक खो खो हसले. गर्दीतून वाट काढत ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याचा लुळा उजवा हात तिनं अलगद उचलला, आणि पुढचा टोला पडला तेव्हा तो हात बरोबर तालात होता.