कॉलेजातली पाठराखीण

माझ्या बाबांनी माझं कॉलेज निवडलं ते सोयरीक जुळवतात तसं. आज सांगितलं की नातवंडं पोट धरून हसतात. तेव्हा मात्र मी रागाने नुसती धुमसत होते.

१९६७ सालची गोष्ट. सागरहून भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करून मी बालाघाटला घरी आले होते. परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि दोन कॉलेजं मला घ्यायला तयार होती. एक लंडनचं, दुसरं स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा आडगावचं. मला लंडनच हवं होतं. तिथल्या प्राध्यापकांचं पुस्तक मी जवळजवळ पाठ केलं होतं. पण डोमाजी मुकादमांनी, म्हणजे बाबांनी, हो म्हटल्याशिवाय आमच्या घरात पान हलत नसे. मँगनीजच्या खाणीवर माणसं त्यांच्या एका हाकेसरशी उभी राहत, तिथे माझी काय कथा!

अंगणात खाटेवर बसून त्यांनी चौकशी सुरू केली. "पानी कसं आहे तिकडचं? भात भेटते का? शेजार कोनाचा?"

"बाबा, मी सासरी नाही चालली!"

"दूर तं जाऊन राह्यली न? मंग पाठराखीण पायजे."

नवरीबरोबर सासरी चार दिवस राहायला माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. तिच्याशिवाय आमच्याकडे मुलगी पाठवतच नसत. बाबांनी रुख्मा आत्याला नेमूनही टाकलं. आत्या जन्मात गोंदियापुढे गेली नव्हती, पण तिने लगेच ठेवणीतलं लुगडं उन्हात टाकलं.

"दोघायले लिहून पाठव," बाबा म्हणाले. "पूछने में क्या जाता है?"

लाजेने मेल्यासारखं झालं, तरी आत्याला ठेवून घ्याल का, असं दोन्ही कॉलेजांना लिहिलं. लंडनहून एका ओळीचं सभ्य उत्तर आलं: वसतिगृहात नातेवाइकांना राहता येत नाही. स्कॉटलंडहून वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंनी स्वतः लिहिलं होतं. आत्यांनी एवढा त्रास घेऊ नये, मीच स्टेशनवर येईन, आणि मुलगी रुळेपर्यंत तिला माझ्या शेजारच्या खोलीत ठेवीन.

मी ते पत्र मराठीत सांगितलं, तर बाबांनी पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "हेच घर."

"काहून? लंडन किती मोठं आहे, बाबा!"

"मोठं असन. तिथून पोरीले घ्याले कोनी येऊन नाही राह्यलं."

मी रडले, जेवण सोडलं, सगळं करून पाहिलं. शेवटी हौ म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर सगळंच राहिलं असतं. लंडनची रुखरुख अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या भांडणाचीही आता आठवण येते. माझ्यासाठी एवढं पाणी, एवढा शेजार पुन्हा कोणी विचारला नाही.

निघायच्या दिवशी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीवर सगळा मोहल्ला आला होता. आत्या अजूनही रुसलेली होती. माझी आई, चंपाबाई, इतके दिवस या सगळ्यात चकार शब्द बोलली नव्हती. गार्डने शिटी दिली तेव्हा तिने बाबांनाच विचारलं, "तिकडं घ्याले बाई येईन, मानलं. पन पाठराखीण पोरीले माहेरी वापस घेऊन येते. इले कोन आनन?"

एवढ्या चौकशा केलेल्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. बाबा खिडकीचा गज धरून उभे राहिले. गाडी हलली तसे बरोबर चालू लागले.

"कोनी नाही," ते म्हणाले. "तिची ती येईन. यावं वाटलं तं."

मुलगी पाठवताना असं आमच्याकडे कोणी म्हणत नसे. मी गजावरचा त्यांचा हात घट्ट धरला, आणि फलाट संपला तेव्हा त्यांनीच तो सोडवून घेतला.