आधी तुम्ही

"डावीकडून रेतीची बोट येतेय. आता काय कराल?" परीक्षक बाईंनी विचारलं.

आधी-तुम्हीनं फेरीबोटीचं चाक घट्ट धरलं. तसं उत्तर त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

"काही नाही, बाई. सरळ जायचं, वेगही तोच ठेवायचा. आपण तिच्या उजव्या हाताला आहोत, म्हणजे वाट तिनं द्यायची."

"मग जा सरळ."

घोडं नेमकं तिथंच अडलेलं होतं!

'आधी-तुम्ही' हे नाव त्याला धक्क्यावरच्यांनी ठेवलेलं. दार असो, रांग असो, नळ असो, हा बाजूला होऊन म्हणणार, "आधी तुम्ही." फेरीबोटीवर दोर टाकण्यात आणि ओढण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. त्याच्या मागून आलेले दोघं बघता बघता कप्तान होऊन दुसऱ्या बोटींवर गेले, त्यांना हार घालायला हाच पुढे. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. ती गिऱ्हाइकांना हसून सांगे, "लग्नाला होकारसुद्धा मीच दिला बाई आधी. नाहीतर हे अजून 'आधी तुम्ही' म्हणत उभे असते."

गेल्या वर्षी पहिल्यांदा परीक्षा झाली, तेव्हाही समोर अशीच रेतीची बोट आली होती. बिचारी भरलेली आहे, जड आहे, जाऊ दे तिला, असं म्हणत ह्यानं चाक डावीकडे वळवलं. ती बोट नियमाप्रमाणे ह्याच्या मागून जायला उजवीकडे वळली. दोघं एकमेकांना वाट द्यायला गेले आणि थेट समोरासमोर आले. फेरीबोटीच्या म्हाताऱ्या कप्तानानं झडप घालून इंजिन उलटं फिरवलं म्हणून निभावलं. तरी बोटी घासल्याच. एका आजीबाईंचा हात मोडला. आधी-तुम्ही त्यांना भेटायला दवाखान्यात रोज जात राहिला. त्या म्हणायच्या, "अरे, तू काय मुद्दाम केलंस का?" ते ऐकून त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"गाढवा," कप्तान त्याला म्हणाला होता, "पाण्यावर चांगुलपणा म्हणजे मागं सरणं नव्हे. तू काय करणार हे समोरच्याला आधीच कळलं पाहिजे. तू सरळ जाशील ह्या भरवशावर तो वळतो. तो भरवसा मोडू नकोस, झालं."

आता कप्तानाच्या गुडघ्यांनी राम म्हटला होता. ह्या महिनाअखेर तो घरी बसणार. आधी-तुम्ही आज पास झाला नाही, तर मालक बाहेरून माणूस आणणार, आणि ह्याच्या हातात मरेपर्यंत दोरच राहणार.

बायकोनं ते भलतंच मनावर घेतलं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली ह्यांच्या मध्ये अरुंद बोळ होता. तिथं ती रोज कपड्यांचा गठ्ठा घेऊन डाव्या बाजूनं यायची. "मी डावीकडून येतेय हं! सरळ चला!" आणि हा भिंतीला पाल चिकटावी तसा चिकटायचा.

"अहो, बोटीला भिंत असते का चिकटायला?"

"तुझ्या हातात ओझं असतं गं."

"त्या बोटीतही रेतीच असते. कापूस नसतो!"

दोघंही हसायचे. पण रात्री तिला झोप लागायची नाही, हे त्याला माहीत होतं.

रेतीची बोट जवळ आली. वळण्याचं चिन्ह नाही. जरासं डावीकडे, जरासंच, असं मन म्हणत होतं. मागच्या बाकावर कप्तान स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसला होता, न जाणो सवयीनं पुढे यायचे.

"वळत नाहीये ती," बाई म्हणाल्या.

"दिसतंय, बाई."

त्यानं भोंग्याची दोरी ओढली. पाच तोकडे, तुटक आवाज. तुझं काय चाललंय ते मला कळत नाही, असा त्याचा अर्थ. त्या बोटीवरचा माणूस पाठमोरा उभा राहून कुणाशी तरी गप्पा मारत होता. पुन्हा पाच. आता तिचा गंजलेला नांगर दिसू लागला. अजून वळली नाही, तर वेग तोडून उजवीकडे वळायचं. डावीकडे मेलो तरी नाही. त्यानं एक हात इंजिनच्या दांडीवर ठेवला आणि दुसऱ्यानं चाक होतं तिथं धरून ठेवलं.

पाठमोरा माणूस दचकून वळला. रेतीच्या बोटीचं तोंड उजवीकडे फिरलं आणि ती फेरीबोटीच्या मागून सुरळीत निघून गेली. त्या माणसानं कान पकडून माफी मागितली. आधी-तुम्हीनं हात वर केला. प्रवाशांपैकी कुणाला काही कळलंसुद्धा नाही. एक बाई पोराला केळं सोलून देत होती, ती देतच राहिली.

धक्का आल्यावर परीक्षक बाई उठल्या. उतरताना म्हणाल्या, "गर्दीच्या वेळी असाच भोंगा वाजवत जा, कप्तान."

म्हातारा कप्तान मांड्यांखालून हात काढून मुंग्या झटकत राहिला, आणि डोळे पुसायला मात्र विसरला.

संध्याकाळी आधी-तुम्ही घरी आला, तेव्हा बायको बोळाच्या दुसऱ्या टोकाला होती. काय झालं, हे विचारायचा तिला धीर होईना. तिनं गठ्ठा उचलला आणि डाव्या बाजूनं चालू लागली.

तो थांबला नाही. सरळ चालत आला. शेवटच्या पावलाला तीच बाजूला झाली, तिचा पदर भिंतीचा चुना पुसून गेला.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि गठ्ठा तिथंच टाकून रडायला लागली.

मग तिनं ट्रंकेच्या तळातून पांढरा सदरा काढला. खांद्यांवर पट्ट्या असलेला, कप्तानाचा. गेल्या वर्षीच शिवून ठेवलेला, आणि बोटी घासल्या त्या दिवसानंतर ज्याबद्दल ती एका शब्दानंही बोलली नव्हती. त्यानं तो चढवला. पोटावरची बटणं लागेनात.

"वर्षभरात काय खाल्लंत एवढं?" नाक ओढत ती म्हणाली. तिनं टाचण्या तोंडात धरल्या आणि बाजूची शिवण उसवायला घेतली. "आता हलू नका. सरळ उभे राहा."

तो सरळच उभा होता.