सुगंधाबाईच्या बाजूची जागा

डोमा मेल्याचं कळलं तेव्हा बापूजीला आधी त्याचा वास आठवला. मोहाची दारू, तंबाखूचा खर्रा आणि महिनाभर न धुतलेला सदरा. धानोऱ्याच्या बाजारात हा माणूस चार जणांपलीकडे उभा असला तरी बापूजीला कळायचं. दुःख झालं नाही. सुटलो, असंच वाटलं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

तासाभरात पास्टर सुनिल दारात आला. हा चाळिशीतला माणूस नागभीडकडचा, गरजेपुरतंच बोलणारा.

"भाऊ, जागेचं विचाराले आलो."

"कोनत्या जागेचं?"

कोणती जागा ते दोघांनाही माहीत होतं. ख्रिस्ती मंडळी चौदा घरांची. गावाच्या मसणात पुरण्यावरून कुरबूर झाली, तेव्हा मंडळीतल्याच गुणवंतरावांनी आपल्या शेताचा पडीक कोपरा दिला होता. तो सगळा खडक. खोल माती एका लहानशा पट्ट्यात होती. तिथे आठ महिन्यांपासून बापूजीची बायको सुगंधाबाई होती आणि तिच्या बाजूला एकाच माणसाची जागा उरली होती. ती बापूजीने स्वतःसाठी ठेवली होती. दगड वेचून काढले, काट्यांचं कुंपण घातलं, रोज जाऊन बसला. घरात तर जेवणही घशाखाली उतरत नव्हतं. आपण तिच्या बाजूला जाऊ, एवढ्या एका गोष्टीवर तो दिवस काढत होता.

"तो मानूस? तिच्या बाजूले?"

"मे महिना हाय भाऊ. सांजेपर्यंत ठेवता नाई येनार. खडकात दीड हात बी खोदनं होत नाई. रानडुकरं उकरतीन."

"उकरू दे."

बापूजीचं काही चुकत होतं असं गावात कोणी म्हटलं नसतं. डोमाने मंगलीचा, आपल्या बायकोचा, हात दोनदा मोडला होता. ती कंटाळून भावाकडे निघून गेली. सुगंधाबाईला माती दिली त्या दिवशी हा पिऊन आला आणि ओल्या मातीवरच ओकला. बापूजीने ते हातांनी काढलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तोच डोमा पिवळा पडून खाटेला लागला आणि त्याने सुनिलला बोलावून घेतलं. सुनिलबरोबर गेलेला बापूजी दुपट्टा नाकाला लावून दारात उभा होता. डोमा म्हणाला, "मले प्रार्थना येत नाई. केलेलं एक बी चांगलं काम आठवत नाई. तरी येशू घेते म्हनता, तं घे म्हना मले." सुनिलने तिथेच तांब्याभर पाण्याने त्याला बाप्तिस्मा दिला.

बापूजीला त्या खोलीच्या वासापेक्षा त्या तांब्याची किळस आली. तीस वर्षं त्याने दारूचा थेंब घेतला नव्हता. प्रार्थनाघराच्या छपराचे टिन त्याने डोक्यावर वाहिले होते. आजाऱ्यांना खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं होतं. आणि हा सडका माणूस एका तांब्यात त्याच्या बरोबरीला येऊन बसला. इतका सस्ता देव त्याला नको होता.

आता तो सुनिलला तेच बोलला. "मंग आमी काऊन मेलो एवढी वर्षं काम करून?"

"कृपा कमावता येत नाई भाऊ. कमावली तं ते मजुरी झाली."

"तुमचं बोलनं तुमच्यापाशी ठेवा."

सुगंधाबाईही असंच बोलायची आणि तेव्हाही त्याला राग यायचा. शेवटच्या आठवड्यात तो तिला धीर देत होता. तू किती बायांची बाळंतपणं केली, देव विसरणार नाही, म्हणाला. तिने भिंतीकडे तोंड केलं. "ते नोका सांगू. अर्धं त मी लोकायनं चांगलं म्हनावं म्हनूनच केलं. देवानं असंच घेतलं तं घेईल." त्यावर बापूजी दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नव्हता. ते दोन दिवस आता त्याला परत मिळणार नव्हते.

डोमाच्या झोपडीपुढे मंडळी जमली होती, पण आत कोणी जाईना. कोणाची कंबर धरली होती, कोणाला तेंदूपत्ता वाळत घालायचा होता. मंगलीचा निरोप आला होता, पुरा नाहीतर फेका.

"आंघोळ बापूजी भाऊ घालतीन," गिरजाबाई पदराआडून म्हणाली. "त्यायले पुन्य कमवाची सवय हाय."

एकदोघी हसल्या.

"घालतो," बापूजी म्हणाला. "पन जागा नाई देत. आधीच सांगून ठेवतो."

तो आत गेला. सुनिल बादली घेऊन मागून आला. डोमाचं पोट फुगून ताठ झालं होतं, धोतर घाणीने कातडीला चिकटलं होतं, पाठीच्या जखमांवर माश्या बसल्या होत्या. बापूजीने दुपट्टा तोंडाला बांधला आणि धोतर भिजवून सोडवायला घेतलं. पाणी पिवळं झालं, मग काळं. त्याने बोटांच्या बेचक्या धुतल्या, कानामागचा मळ काढला. हाताला गिळगिळीत लागत होतं, तरी तो थांबला नाही.

आणि पाठ धुता धुता त्याच्या मनात आलं, सुनिल बघतो आहे. बाहेर सगळे ऐकत आहेत. असं काम यांच्यातल्या एकानेही केलं नसतं. देवही बघत असेल. आता माझी जागा मागायची कोणाची छाती होणार नाही.

हात तिथेच थांबला.

घाणीने झालं नव्हतं ते आता झालं. तो झोपडीमागे धावला आणि पोट रिकामं होईपर्यंत ओकला. तो मेलेल्या माणसाला धूत नव्हता, आपली किंमत वाढवत होता. तिच्या बाजूचा वेचलेला एकेक दगडसुद्धा असाच कोणाला तरी दाखवत वेचला होता का, हे त्याला सांगता येईना. आपलाच वास त्याला सहन होईना.

तोंड पुसून तो परत आत गेला आणि राहिलेली पाठ धुतली. धुतलेलं धोतर नेसवलं.

"सब्बल, फावडं आना," तो बाहेर येऊन म्हणाला.

"कुठी खोदाचं?" सुनिलने विचारलं.

"तिच्या बाजूले."

गिरजाबाईचं हसू गेलं. "बाईच्या बाजूले दारुड्या? अन् तुमी कुठी जासान भाऊ?"

"मले मालूम नाई."

ऊन कलायच्या आत खड्डा झाला. डोमाला खाली ठेवल्यावर सुनिलने डोळे मिटले. "प्रभू, बापूजी भाऊनं आज एवढा मोठा त्याग..."

"माहं नाव नोका घेऊ," बापूजी म्हणाला. "त्याच्यासाठी बोला."

सुनिल डोमाचं नाव घेऊन थोडकंच बोलला. बापूजीने फावडं घेतलं. वास अजून हातांना होता आणि डोमा त्याला अजूनही नकोसाच होता. तिच्या बाजूला हा माणूस पडून राहणार, हे उद्याही त्याला सोसणार नव्हतं. पण ती जागा माझी होती, असं म्हणायला त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं. तो माती ओढत राहिला.