गंजाचे दोन दोरे

लहानू भाऊनं सायरनचा प्लग काढला नव्हता. गावात हे फक्त मलेच माहीत होतं, अन् मी गप बसली होती.

सायरनची पेटी माह्याच हातची. म्हणजे पत्र्याचा डब्बा कंपनीचा, पण आतला प्रोग्राम मी, माधवीनं, लिहिला, सी भाषेमधी. जंगलाच्या कडेच्या कॅमेऱ्याले वाघ दिसला का पेटीले निरोप येते. पेटी विहाराच्या छतावरचा भोंगा वाजवते अन् वनरक्षकाच्या मोबाईलवर मेसेज धाडते. देखरेख लहानू भाऊकडं. साठी उलटलेला माणूस, रोज सकाळी पेटीवरची धूळ आपल्या दुपट्ट्यानं पुसे.

त्या सोमवारी भोंगा वाजलाच नाई. गोकुळाबाई मोहफुलं वेचत होती, वाघानं तिचा खांदा धरला. बायकांनी आरडाओरड केली म्हणून सोडलं. जीव वाचला, पण हात वाचन का नाई ते चंद्रपूरचे डॉक्टर अजून सांगत नाई. अन् गावानं काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याले! "लहानूनं मोबाईल चार्जिंगले लावाले प्लग काढला असन." सकाळी एकानं अंदाज केला, संध्याकाळपर्यंत दोघांनी डोळ्यानं पाह्यलं होतं.

मंगळवारी मी पेटीतली नोंद लॅपटॉपवर उतरवली. पेटी एक मिनिटही बंद पडली नव्हती.

पेटीची मेमरी लहान. म्हणून निरोपांसाठी मी सोळा खण बांधून ठेवले होते. लागला का एक घ्याचा, काम झालं का परत कराचा. आमच्या विहारातले भात शिजवाचे मोठे गंज, म्हणजे पातेले, असेच, लग्नाकार्याले सगळ्यायचे. एकच गंज दोन घरं वापरत असले तं दोघंही कडीले एकेक दोरा बांधतात. काम झालं का आपला दोरा सोडाचा, अन् शेवटचा दोरा ज्याचा त्यानं गंज घासून परत ठेवाचा. मी प्रत्येक खणाले तसेच दोन दोरे बांधले, एक भोंग्याचा, एक मेसेजचा. आमच्या गावची युक्ती आहे म्हणून कंपनीत शेखीही मिरवली.

गावात आणखी एक चाल आहे. शेजारीण घाईत असली तं आपला दोरा सोडता सोडता तिचाही सोडून देतो आपण, तेवढंच तिचं काम हलकं. फक्त आधी गंजात वाकून पाहाचं, तिचा भात तं उरला नाई? मी लिहून ठेवलं होतं, रेंज नसून मेसेज गेला नाई तं दोन्ही दोरे सोडून खण मोकळा कर. वाकून पाहाचं लिहिलंच नाई. कंपनीच्या नागपूरच्या हापिसात पेटी तपासली तवा रेंज फुल, म्हणून ती ओळ कधी चाललीच नाई. इथी रेंज कुठी आहे बाप्पा! भोंग्यानं वाघाचा निरोप वाचाच्या आधीच खण मोकळा झाला. त्यात घंट्याघंट्याले येणारा 'सगळं ठीक'चा निरोप येऊन बसला. भोंग्यानं तो वाचला अन् चूप राह्यला.

चूक माहीच होती. तेवढ्यात दारात लहानू भाऊ.

"पोरी, पाणी दे." पाणी प्याले, गिलास हातातच धरून उभे राह्यले. "मी हात नाई लावला वं प्लगले. तू तं मानते न?"

"मानतो भाऊ," मी म्हटलं अन् लॅपटॉप मिटला.

मंग कंपनीतल्या साहेबाले फोन केला. ते म्हणाले, गुपचूप दुरुस्त कर, गावात बोललीस तर पेट्या जातील आणि तुझी नोकरीही. दुरुस्ती एका ओळीची होती, दहा मिनिटात झाली. पण मी गप राह्यली. भेकड, दुसरं काय! चोर सोडून संन्याशाले फाशी चालली होती, अन् चोर दोन टाईम जेवत होता.

रविवारी विहारात बैठक बसली, लहानू भाऊकडून पेटीची किल्ली काढून घ्याची म्हणून. ते उभे झाले. मले वाटलं, आता भांडतील.

"आता मलेच वाटते," ते हळूच बोलले, "मीच काढला असन प्लग. म्हातारपण आहे, ध्यान राह्यत नाई. गोकुळाबाईले सांगजा, माफी मागतली म्हणून."

माह्यानं बसवलंच नाई. "नाई काढला त्यायनं!" मी ओरडली. मंग रडत रडत सगळं सांगतलं. लोकायले खण समजले नाई, दोरे समजले.

"अवं, अन् वाकून नाई पाह्यलं?" सत्यशीलाबाईनं विचारलं. गंजायचा हिशेब तीच ठेवते.

"नाई पाह्यलं."

लहानू भाऊनं माह्याकडं पाह्यलं.

"कवा समजलं तुले?"

"मंगळवारी."

"मी पाणी प्यालो, त्याच्या मागून?"

"आधी, भाऊ."

त्यायनं खिशातून किल्ली काढली. मी हात पुढं केला, पण त्यायनं ती सतरंजीवर ठेवली. दारात चपला घालता घालता थांबले.

"सहा दिवस मी माह्याच हाताकडं पाहून राह्यलो होतो, पोरी," म्हणाले, अन् गेले.