मधाइतकं घट्ट

"अहो, तोंड उघडा. दोनच चमचे राहिलेत."

नवऱ्याने ओठ मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. चमचा तिरका झाला तरी त्यातलं पाणी सांडलं नाही. कडेला नुसतं लोंबत राहिलं.

"हे पाणी नाही," तो म्हणाला. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याचं बोलणं बोबडं झालं होतं, पण रोजच्या सरावाने हे एक वाक्य स्वच्छ यायला लागलं होतं.

"पाणीच आहे. घट्ट केलेलं."

"चिखल आहे."

तिने वाटीवर झाकण ठेवलं, त्याची हनुवटी पुसली आणि शेजारच्या मावशींना हाक मारून कामावर निघाली. दिवसभर मावशीच त्याच्याजवळ बसत.

तो बस चालवायचा. पाच महिन्यांपूर्वी झटक्याने त्याचा उजवा हात नेला आणि गिळणंही नेलं. पातळ काही प्यायला की ते पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचं. दोनदा फुफ्फुसात पू होऊन तो मरता मरता वाचला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी, चहा, दूध, जे द्याल ते मधाइतकं घट्ट करून द्या. तिसऱ्यांदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि पांढऱ्या पावडरीचा एक डबा दिला होता. डब्यावरची बारीक अक्षरं तिला वाचावी लागली नाहीत. चिमूटभर पावडर बोटांत चोळूनच तिने ओळखलं. गवारीच्या बियांचा डिंक. त्या डिंकात तिची सव्वीस वर्षं गेली होती.

तो डिंक दळणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती होती. भरड पावडर तेलाच्या विहिरी खणणाऱ्यांकडे जायची, बारीक पावडर कापडावर छापायच्या रंगात आणि आइस्क्रीमवाल्यांकडे, आणि अगदी वस्त्रगाळ ती औषधवाल्यांकडे. दर पोत्यातला नमुना पाण्यात घोळवायचा, दोन तास थांबायचं, यंत्राची दांडी त्यात फिरवायची आणि घट्टपणाचा आकडा लिहायचा, एवढंच तिचं काम. सगळे तिला डिंकबाई म्हणत. "डिंकबाई रजेवर गेल्या की गावभर आइस्क्रीम वितळतं," असं दळणखात्याचा फोरमन वीस वर्षं म्हणत आला होता आणि दर वेळी स्वतःच हसत होता.

त्यामुळे घरी पाणी घट्ट करणं तिला जड गेलं नाही. एक गुठळी होत नसे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तर इतरांना बोलावून तिची वाटी दाखवली होती. ती नुसती उभी राहिली होती. झटक्याच्या दिवशीही ती रडली नव्हती. परगावी दिलेली लेक फोनवर चिडून म्हणाली होती, "आई, तू दगड झालीयेस." तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला होता.

त्या दिवशी कारखान्यात तिने औषधवाल्यांचा नमुना यंत्राला लावला. आकडा आला तो बरोबर मधाचा. तिने तो लिहिला आणि पेन हातातच राहिलं. सव्वीस वर्षांत आपण हे एकदाही तोंडात घातलं नाही, हे तिच्या आज लक्षात आलं.

आपल्या पेल्यात पिण्याचं पाणी घेऊन तिने त्यात पावडर घोळवली आणि पेला तोंडाला लावला. ते जिभेवर बसलं, टाळूला बसलं. गिळलं तरी गिळल्यासारखं वाटेना. संध्याकाळपर्यंत दुसरं काही प्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

फोरमन डोकावला. "डिंकबाई, हे काय नवीन? आतून खळ लावताय की काय?"

"चव बघतेय."

"मग? कशी आहे?"

"नाहीच चव."

चार वाजेपर्यंत तिने तसले तीन पेले संपवले. पोट तुडुंब होतं, तहान मात्र तोंडात तशीच. कोपऱ्यातल्या माठाकडे तिचे डोळे सारखे जात होते. ती एक दुपार काढत होती. त्याने पाच महिने काढले होते.

घरी येऊन तिने मावशींना पाठवलं, त्याचे दात घासले, पाठीला उशा लावून त्याला ताठ बसवलं आणि पेल्यात पाणी ओतलं. साधं. ओतताना झालेला आवाज ऐकून त्याने मान वळवली.

"ठसका लागेल," ती म्हणाली.

"लागू दे."

"छातीत उतरेल. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही? या खेपेला वाचणार नाही तुम्ही."

"मला कळतं गं सगळं. हात गेलाय. डोकं आहे."

पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसऱ्याला त्याला इतका खोकला आला की चेहरा लालबुंद झाला. ती पाठ थोपटत राहिली. तिसरा त्याने तोंडात धरून ठेवला, डोळे मिटून, बराच वेळ.

"गार आहे," तो म्हणाला.

मग रोज संध्याकाळी तीन चमचे. ती कुणाला बोलली नाही, तोही नाही. दिवसभराचं घट्ट पाणी तो आता निमूटपणे प्यायचा. मावशी म्हणाल्या, "सुधारतायत हो." अठराव्या दिवशी ताप आला. दवाखान्यात नेल्यावर पाचव्या दिवशी तो गेला.

भेटायला येणारी माणसं ओसरली तेव्हा लेक परत निघाली. खांद्याला पर्स लावून दारात आली आणि तिथेच थांबली.

"मावशी सांगत होत्या, कधी कधी सकाळी उशाशी चमचा आणि पाण्याचा पेला असायचा. तू बाबांना साधं पाणी देत होतीस?"

"हो."

"डॉक्टरांनी नको म्हटलेलं माहीत असून?"

"हो."

"का?"

 

"त्यांना तहान लागली होती," ती म्हणाली.

 खाली रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. लेकीने खिडकीतून वाकून त्याला जायला सांगितलं, खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली आणि आईच्या शेजारी, रिकाम्या पलंगाच्या कडेला येऊन बसली.